चार चाकांची पेटी

माणूस डोळ्यांत बघून ओळखता येतो असं छातीठोक सांगणाऱ्यांची मला चीड येते. मी टूलरूमचा कारागीर. कारखान्यात पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे बनवण्यात माझा जन्म गेला. दोन पृष्ठभागांमधली शतांश मिलिमीटरची पायरी मला नखाने कळते. पण ज्या माणसाबरोबर अकरा वर्षं एका डब्यातली भाजी खाल्ली, तो माझ्या नाकासमोर काय करतोय हे मला कळलं नाही. ते मला एका टेम्पोवाल्याने सांगितलं. म्हणून ही हकिकत सांगताना मी त्या भागीदाराला सोडणार नाही, आणि स्वतःलाही सोडणार नाही.

आम्ही दोघं पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात एकाच दिवशी शिकाऊ म्हणून लागलो. तो शनिवार पेठेतला, मी दापोडीचा. त्याच्या घरात हत्यार हातात धरणारा तो पहिलाच. माझे वडील सरकारी कारखान्यात फिटर, त्यामुळे कानस कशी धरायची हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत. कारखान्यात प्रत्येकाला नंबर मारलेले पितळी बिल्ले मिळायचे. स्टोअरच्या खिडकीवर बिल्ला द्यायचा आणि हत्यार घ्यायचं. हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर तो बिल्ला लटकायचा, म्हणजे काय कुणाकडे आहे ते दिसायचं. हत्यार परत केलं की बिल्ला परत. आमचे नंबर लागोपाठचे होते. स्टोअरवाला आम्हाला जोडगोळी म्हणायचा.

पुढे बाहेरच्या देशांतली यंत्रं आली, साहेब लोकांच्या तोंडी नवीन शब्द आले, आणि एका सकाळी फळ्यावर स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली. स्वेच्छा कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघांनी एकाच दिवशी अर्ज दिले. कात्रजला, सर्पोद्यानाच्या बरंच पुढे, त्याने फार पूर्वी स्वस्तात घेतलेले तीन गुंठे होते. आजूबाजूला तेव्हा ज्वारी होती. त्या तुकड्यावर आम्ही शेड टाकली. जागा त्याची, यंत्रांत पैसे माझे, पत्र्यांना दोघांचा हात. कागद केला नाही.

पहिल्या दिवशी त्याने भिंतीत एक खिळा ठोकला. कारखान्यातून निघताना खिशात राहिलेले आमचे दोन बिल्ले त्यावर एकत्र अडकवले आणि म्हणाला, "आपल्याकडे बिल्ला नाही. तुझं हत्यार ते माझं, माझं ते तुझं." मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. ती जिल्हा परिषदेत कारकून. तिने विचारलं, "कागदावर काही आहे का?"

"बिल्ले आहेत," मी म्हणालो.

"अहो, बिल्ल्यावर सही नसते," ती म्हणाली, आणि कुकरची शिटी मोजायला गेली.

खंडेनवमीला तो हत्यारांची पूजा करायचा. आमच्या घरी पूजा नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण माझ्या वडिलांचा एक शिरस्ता होता. दसऱ्याच्या आधी ते एकूण एक हत्यार पुसून त्याला तेलाचा हात द्यायचे. तोच शिरस्ता मी शेडमध्ये सुरू केला. मी तेल लावायचो, मग तो हळदीकुंकू लावायचा. "तू गंज बघ, मी देव बघतो," असं म्हणायचा. अकरा वर्षांत त्यावरून एक वाकडा शब्द झाला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर लोकांनी मला बरंच काही सुचवलं. ते कारण नव्हतं. ते असतं तर मला चिडायला निदान ओळखीची वाट मिळाली असती.

त्या वर्षीच्या श्रावणात दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे गाडीच्या सीटखालच्या पट्ट्यांच्या सहा साच्यांचं काम. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं, आणि दसऱ्याच्या आत द्यायचं होतं. काम त्याने आणलं होतं. करणार मी होतो. बारीक काम माझ्याशिवाय होत नाही हे तो जाणून होता. मीही जाणून होतो, आणि मला त्याचा तोरा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे चाकणहून आलेलं पत्र. आमच्या जुन्या कारखान्यातले एक साहेब तिथल्या नव्या कारखान्यात गेले होते. टूलरूमचा प्रमुख म्हणून या, असं त्यांनी लिहिलं होतं. कंपनीची बस, दवाखान्याचा खर्च, म्हातारपणाची सोय. महिनाअखेर उत्तर हवं होतं. मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. पन्नाशीनंतर आमच्या धंद्यात कुणी पत्र लिहीत नाही.

पत्र मी त्याला दाखवलं. दाखवायचं नाही असं मनातही आलं नाही. त्याने चहा पिता पिता वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "जा की," म्हणाला. "पुन्हा गळ्यात ओळखपत्र घाल, पुन्हा खिडकीवर बिल्ला दे." मग कप विसळून ठेवत सहज म्हणाल्यासारखा म्हणाला, "मी तर म्हणत होतो, या वर्षी पेटी घेऊन टाकू. मोठी. पाहिजे तर परदेशी. तूच निवड."

आता या पेटीचं सांगायला हवं. कारखान्यात एकदा नवं यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्याच्याबरोबर छातीएवढ्या उंचीची एक लाल पेटी आली होती. तिला नुसते खण होते, एकाखाली एक. त्याने एका बोटाने खण ओढला आणि तो आवाज न करता शेवटपर्यंत बाहेर आला. आत प्रत्येक हत्यार आपापल्या आकाराच्या खाचेत झोपलं होतं. आम्ही दहाबारा जण भोवती उभे राहून बघत होतो. तेव्हापासून ती पेटी माझ्या डोक्यात होती. आमच्या शेडमध्ये हत्यारं बिस्किटांच्या डब्यांत आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पडलेली असायची. अर्धी सकाळ शोधण्यात जायची. हे त्याला ठाऊक होतं, कारण अकरा वर्षं मी त्याच्याजवळच त्या पेटीचं तुणतुणं लावलं होतं.

मी चाकणला नाही म्हणून कळवलं.

बायको दोन दिवस कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पेटीसाठी नोकरी सोडलीत?"

"पेटीसाठी नाही गं. एवढी मोठी पेटी कोण घेतं? ज्याला तिथेच राहायचंय तो घेतो."

यावर ती ताटं मांडायला लागली. मला वाटलं, पटलं.

मग मी पेटी निवडायला लागलो, आणि ती मी अशी निवडली की बघणाऱ्याने कपाळावर हात मारावा. आधी सगळी हत्यारं काढून जमिनीवर मांडली. कुठल्या खणात काय जाणार ते आलेखाच्या कागदावर काढलं. मग एकेका खणाच्या वाट्याचं ओझं पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे वजन करायला नेलं, कारण खण किती भार घेतो त्यावर पेटी ठरते. भंगारवाला काट्याकडे बघत म्हणाला, "विकणार का?" मी चिडून म्हणालो, "डोळे फुटले का? चांगली हत्यारं आहेत." तो म्हणाला, "चांगलीच घेतो मी."

बोहरी आळीत मी सात वेळा गेलो. तिथले एक वृद्ध व्यापारी मोठ्या पेट्या ठेवत. पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांनी चहा दिला. तिसऱ्या फेरीत दिला नाही. मी पेटीचा प्रत्येक खण उघडायचो, त्यावर हाताने भार द्यायचो, दोन खण एकदम उघडतात का बघायचो; कारण भरलेले दोन खण एकदम बाहेर आले तर पेटी तोंडावर पडते. एकदा खिशातून मायक्रोमीटर काढून पत्र्याची जाडी मोजली. सव्वा मिलिमीटर सांगितला होता, नव्वद शतांश भरला. व्यापारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "साहेब, आपण पेटी घेताय की पेटीत राहायला जाताय?"

मी हसलो. खरं तर राहायलाच चाललो होतो.

एक गोष्ट मात्र मला नको होती, ती म्हणजे चाकं. शेडच्या जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला असतो, तो चाकांत अडकतो. शिवाय एवढी जड वस्तू एका जागी, भिंतीत बोल्ट मारून घट्ट हवी असं माझं मत. भोसरीतला एक फॅब्रिकेटर तशी बनवून द्यायला तयार होता. पण माझा भागीदार अडून बसला. एरवी खरेदीत "तुला कळतं" म्हणून बाजूला होणारा माणूस, चाकांवर मात्र हटेना.

"चाकांची घे."

"अरे, पण हलवायची कुठे आहे?"

"उद्या यंत्रं सरकवावी लागली तर? चाकांची घे. आणि वरची पेटी खालच्यापासून वेगळी होणारी बघ, उचलायला बरी."

मला वाटलं, हा पहिल्यांदाच धंद्याचा पुढचा विचार करतोय. मग मी चाकांचाही अभ्यास केला. मोठ्या व्यासाची, दोन सरळ, दोन फिरणारी, फिरणाऱ्यांना ब्रेक. दाराची रुंदी मोजली. पेटी दारापेक्षा दोन इंच कमी निघाली. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आत जाते, पण बाहेर निघेल ना?" मी म्हणालो, "आत जाणारी वस्तू बाहेर निघतेच. हेही तुला शिकवू का?"

दुसरी त्याची सूचना रंगाची. "एवढं करतोच आहेस तर तुझं-माझं वेगळं कर," म्हणाला. "उद्या पोरं कामाला ठेवली तर कळायला नको कुणाचं काय?" मला ते जरा टोचलं. अकरा वर्षं आम्ही ते मुद्दाम वेगळं केलं नव्हतं. पण परदेशी इंजिनिअरची हत्यारंही खुणेची होती, म्हणून मी मानलं. त्याच्या हत्यारांवर लाल पट्टा, माझ्यांवर निळा. निळा माझा हे ठरवायला बोलावं लागलं नाही. तीन दुपारी बसून, हातात ब्रश घेऊन, आमची भागीदारी मी स्वतः दोन रंगांत वाटली. वाटताना शीळ घालत होतो.

खाचांसाठी मी काळा आणि पिवळा असा दुहेरी फोम आणला. वरचा काळा थर हत्याराच्या आकारात कापायचा, म्हणजे हत्यार उचललं की खालचा पिवळा दिसतो आणि काय जागेवर नाही ते लगेच कळतं. साच्यांचं काम दिवसभर, आणि जेवणाच्या सुट्टीत फोम. प्रत्येक खणाचा तुकडा अखंड. डावीकडे माझी हत्यारं, उजवीकडे त्याची. त्याच्या मायक्रोमीटरची खाच दोनदा चुकली म्हणून मी अख्खा तुकडा टाकून नवा कापला. त्याच्या गुण्याला, म्हणजे काटकोन बघायच्या पट्टीला, बोट घालायची जागा डावीकडे ठेवली, कारण तो डावखुरा.

शेवटी तैवानची एक ठरली. लाल. खाली सात खण, वर चार. व्यापाऱ्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला आणि चहा पुन्हा सुरू केला. भागीदार म्हणाला, "पावती तुझ्या नावाने घे, आणि लगेच आणून टाक."

तेव्हा पितृपक्ष चालू होता. हा माणूस पितृपक्षात नवा ब्रश विकत घेत नसे. एकदा त्या पंधरवड्यात ड्रिल तुटलं तर त्याने मला चार दिवस शेजारच्या शेडमधून उसनं आणायला लावलं होतं. आणि आता म्हणत होता, लगेच आण. मी विचारलं, "पितृपक्ष आहे ना रे?" तो म्हणाला, "चालतंय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! घरी जाऊन बायकोला म्हणालो, "बघ, माणूस बदलतो. अकरा वर्षं माझ्याबरोबर राहून त्याची ती खुळं गेली." ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

पेटी आली त्या सकाळी भागीदार शेडवर नव्हता, शिवाजीनगरला काही काम आहे म्हणून गेला होता. टेम्पोवाला कात्रज घाटापलीकडच्या गावातला, आमचं सामान नेहमी तोच नेई. आम्ही दोघांनी आणि शेजारच्या शेडमधल्या दोघांनी मिळून पेटी फळीवरून खाली घेतली. मी दारापाशी उभा राहून "जरा डावीकडे, जरा डावीकडे" करत होतो. टेम्पोवाला घाम पुसत म्हणाला, "काका, एवढं आत कशाला घालताय? हितंच दारात ऱ्हाऊ द्या की. परत भाईर काढायचीच हाय न्हवं?"

"परत बाहेर कशाला?"

"आता! दसरा झाला की समदंच उचलायचं हाय. तुमच्या मालकांनी दोन टेम्पो सांगून ठिवल्यात मला. बिल्डर शेड पाडणार हाय म्हनं." माझं तोंड बघून तो थांबला. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

शेजारच्या शेडमधले दोघं एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"माहीत आहे," मी म्हणालो. "आत घ्या."

तो येईपर्यंत मी पेटीसमोर स्टुलावर बसून होतो. नवा रंग, वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. तो आला, पेटी बघितली आणि म्हणाला, "वा! देखणी आहे."

"शेड पाडणार आहेत?"

"कोण म्हणालं?"

"टेम्पोवाला."

"गाढव आहे तो," तो म्हणाला. मग माझ्यासमोर उलटी बादली ओढून बसला. "अरे, सांगणारच होतो. दसरा होऊ दे म्हटलं. काम एकदा हातावेगळं होऊ दे."

"कधी ठरलं?"

"ठरलं असं नाही, बोलणी..."

"कधी?"

"आषाढात."

चाकणचं पत्र श्रावणात आलं होतं. मी त्याच्या हातात दिलेलं ते पत्र, त्याने घातलेली घडी, विसळलेला कप, सगळं मला आत्ता घडल्यासारखं दिसलं. मी हात मांड्यांखाली घातले.

तो बोलत राहिला. मुलगा हिंजवडीला लागलाय, तो म्हणतो बाबा आता हात काळे करणं बास. बिल्डर दोन फ्लॅट देतोय. आजूबाजूच्या सगळ्यांनी दिलं, एकटा किती दिवस अडून राहणार. यातलं काहीच खोटं नव्हतं. जागा त्याची होती, विकायचा हक्क त्याचा होता. तो मला ते पटवून देत होता, आणि मला त्यात पटवून घेण्यासारखं काही नव्हतंच. त्याने मला आषाढात नुसतं सांगितलं असतं तर मी त्याच्या मुलासाठी पेढे आणले असते, आणि श्रावणात चाकणला हो म्हणालो असतो.

"मग पेटी कशाला?" मी विचारलं.

"तुला हवी होती ना? किती वर्षांपासून ऐकतोय. आणि चाकांची घ्यायला लावली की नाही मी? भिंतीत ठोकली असतीस तर आता काय केलं असतंस?" तो खरोखर दुखावल्यासारखा दिसत होता. "मी तुझी सोयच बघितली."

"पितृपक्षात आणायला लावलीस."

"ती माझी थोडीच आहे? पावतीवर तुझं नाव आहे. तुला कुठे पितृपक्ष?"

हे मला जिथे लागलं तिथून ते अजून निघालेलं नाही. त्याची खुळं गेली म्हणून मी आनंदाने घरी सांगत सुटलो होतो. खुळं जिथल्या तिथे होती. पेटीच त्याच्या हिशेबी आमची नव्हती.

"आणि चाकण?"

त्याने पेटीवरच्या प्लास्टिकची कड नखाने सोलली. मग म्हणाला, "तू गेला असतास तर सहा साचे कोणी केले असते?"

दुसऱ्या दिवशी मी चाकणच्या साहेबांना फोन केला. ते भले माणूस. म्हणाले, "तुमचा नकार आल्यावर आम्ही दुसरा माणूस घेतला हो. तुम्हीच तर लिहिलं होतं, मी माझ्या शेडमध्ये समाधानी आहे."

साचे मी पूर्ण केले. बायको म्हणाली, "टाकून द्या अर्धे." तिचं बरोबर होतं. पण चार साचे झाले होते, आणि उरलेले दोन वाईट करायला मला जमलं नसतं. हाच माझा मूर्खपणा, आणि त्याने नेमका याच्यावरच डाव लावला होता. तो मला ओळखून होता. मी माणसं ओळखत नव्हतो, आणि त्याला एक माणूस पक्का ओळखता येत होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी सगळ्या हत्यारांना तेल लावलं. निळ्यांना लावलं, लालांनाही लावलं. दुसऱ्या दिवशी तो झेंडूची माळ घेऊन आला, त्याने ती लाल पेटीला घातली आणि नमस्कार केला. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन रस्त्यावरून जाणारे दूध डेअरीचे टँकर बघत उभा राहिलो. दसऱ्यानंतर माझी हत्यारं खाचांमध्ये बसवली, त्याची त्याला एका बादलीत काढून दिली. फोम अखंड होता. त्याच्या खाचा काढायच्या तर माझ्याही फाटल्या असत्या. म्हणून त्या राहिल्या.

पेटी दारातून निघाली. दोन्ही बाजूंना एकेक इंच जागा होती, मोजली होती तशी. दार त्याने धरलं होतं. "जपून," तो म्हणाला, "कोपरा लागेल." मी आत परत गेलो, खिळ्यावरून माझा बिल्ला काढून घेतला. त्याचा तिथेच ठेवला.

त्यानंतर काही वर्षं मी नऱ्ह्याला दुसऱ्याच्या शेडचा एक कोपरा भाड्याने घेऊन काम केलं, मग तिथेच लहानशी स्वतःची जागा केली. या वेळी कागद केला. पहिल्याच दिवशी पेटीची चारही चाकं काढली आणि तिला खाली लोखंडी चॅनलचा आधार देऊन भिंतीत बोल्ट मारले. कात्रजला त्या तीन गुंठ्यांवर सात मजले उभे राहिले. पेटीत उजव्या बाजूला पिवळे आकार तसेच राहिले. माझं काम चांगलं चाललं, नवी हत्यारं आली, ती मी दुसरीकडे ठेवली. गिऱ्हाईक कधी विचारायचं, हे रिकामं का ठेवलंय. मी सांगायचो, बघायला.

मागच्या वर्षी एका सकाळी तो आला. बरीच वर्षं आम्ही भेटलो नव्हतो. हातात साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी होती. जिना चढून आल्यासारखा धापा टाकत होता, खरं तर माझ्याकडे जिना नाही. मी खुर्ची दिली. त्याने पेटीकडे बघितलं, खाली चाकं नाहीत तेही बघितलं.

मग पिशवी पुढे केली. "सून म्हणते बाल्कनी मोकळी करा. गंजतंय सगळं." आत त्याची हत्यारं होती. पट्ट्यांचा लाल रंग अजून होता. "भंगारात द्यायला हात होईना. तुझ्याकडे जागा आहे ना यांना?"

मी मधला खण ओढला. तो अजून एका बोटाने येतो. पिशवीतून त्याचा गुण्या काढला. कडेला गंज चढला होता. हाताशी तेलाचा फडका होता, मी तो पुसला. पुसून खाचेत ठेवला आणि अंगठ्याने दाबला. पक्का बसला. डावखुऱ्याचं बोट घालायची जागा बरोबर डावीकडे आली.

"बघ," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अजून बसतोय."

मलाही गलबलून आलं, नाही असं म्हणणार नाही. वाटलं, राहू दे. मग आठवलं की मी ही खाच कापत होतो तेव्हा त्याने माझ्या पायाखालची जागा विकून टाकली होती, आणि तो शेजारी बसून माझ्या हातांकडे बघत पोळीभाजी खात होता. राग जातो असं म्हणतात. माझा गेला नव्हता, आणि तो गेला नाही याची मला त्या क्षणी लाज वाटली नाही.

मी गुण्या काढला.

"इथे आता बिल्ला लागतो," मी म्हणालो.

"माझा बिल्ला तर त्या खिळ्यावरच राहिला रे. शेडबरोबर गेला."

"माहीत आहे."

मी त्याची हत्यारं एकेक करून पुसली, तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत भरून त्याच्या हातात दिली. हत्यारांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. तो दाराबाहेर पडल्यावर मी खण आत लोटला आणि कामाला लागलो.